प्रत्यक्ष पाहिले

“एफवाले, दार अडवून काय उभे राहिलात? आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा. चहा निवतोय माझा.”

शिपाईदादा हातात ट्रे घेऊन मागे खोळंबले होते. एफवाल्यांना आतच जायचं होतं. गेली दोन मिनिटं तेवढ्या एका गोष्टीसाठी त्यांचा आटापिटा चालला होता, पण पाय उचलत नव्हते. दुखत नव्हते, मुंग्या आल्या नव्हत्या, नुसते फरशीला चिकटले होते. कुणी तळव्यांना डिंक लावून ठेवावा तसे.

“नोटीस वाचतोय,” ते म्हणाले.

दाराशेजारच्या फळ्यावर एकच नोटीस होती. ओल्या छत्र्या कपाटांवर ठेवू नयेत. ती तीन वर्षं तिथेच होती आणि एफवाल्यांनीच ती स्वतःच्या हातानं लिहिली होती.

“स्वतःचंच लिहिलेलं किती वेळा वाचायचं माणसानं?” असं म्हणून शिपाईदादा ट्रे तिरका करून त्यांच्या बाजूनं आत घुसले. जाता जाता त्यांच्या खांद्याचा जरासा धक्का लागला आणि तेवढ्यानं उजवा पाय सुटला. मागोमाग डावा. मग मात्र पाय थांबेचनात. एफवाले बारीक बारीक पावलं टाकत जवळजवळ पळतच टेबलाशी पोचले आणि टेबलाची कड घट्ट धरून बसले. कुणी पाहिलं का, हे बघायला मान वर करण्याचीही त्यांची छाती होईना.

कुणी पाहिलं नव्हतं. कोशाच्या कचेरीत सगळे खाली मान घालूनच बसत.

इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ सांगणारा एक थोरला कोश या कचेरीत चौतीस वर्षं तयार होत होता आणि आत्ता कुठे एफपर्यंत पोचला होता. इथं माणसानं आपलं नाव घरी ठेवून यायचं. ज्याच्याकडे जे अक्षर, तेच त्याचं नाव. एफवाले आधी अकरा वर्षं सीवाले होते. सीवाले असतानाच त्यांची मुलगी जन्मली आणि शाळेतही जाऊ लागली. पलीकडच्या टेबलावर डीवाले होते, ज्यांचं डी संपून चार महिने झाले तरी नाव काही सुटलं नव्हतं. सगळ्यांच्या कामावर नजर ठेवायला तपासनीस बाई होत्या, आणि त्यांच्याही वर, काचेच्या खोलीत, साहेब.

आणि सध्या एफवाल्यांच्या मानगुटीवर बसला होता फॉल हा इंग्रजी शब्द.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कोशात लांबलचक शब्द अवघड असतील. साफ चूक. लांब शब्द गरीब गाईसारखा असतो, एक अर्थ देतो आणि रवंथ करत बसतो. जीव खातात ते हे चार अक्षरी टोणगे. माणूस फॉल झाला तर पडतो, पान झालं तर गळतं, भाव झाले तर उतरतात. रात्र झाली तर ती होते, आणि झोपेच्या बाबतीत मराठी माणूस मुळी पडतच नाही, त्याला झोप लागते. उलट आपल्याकडे प्रश्न पडतात, स्वप्नं पडतात, कोडी पडतात, गप्पांतही खंड पडतो, आणि तिथे इंग्रजीवाल्याला त्याचा फॉल घरी ठेवून यावा लागतो. एफवाल्यांनी मोजले होते, एकसष्ट अर्थ. त्यांचं स्वतःचं वयही एकसष्टच होतं, यावर डीवाल्यांनी एक आठवडाभर विनोद पुरवले होते.

शिवाय या कचेरीचा एक कडक नियम होता. प्रत्येक अर्थाला एक मराठी वाक्य हवं आणि ते वाक्य खरंच कुणीतरी बोललेलं किंवा ती गोष्ट खरंच घडलेली हवी. मनानं रचलेलं वाक्य म्हणजे खोटी साक्ष. तळहाताएवढं कार्ड असे. त्यावर वाक्य, तारीख, ठिकाण, ‘बोलणारा’ अशा ओळी, आणि खाली कोपऱ्यात एक चौकोन, त्याच्यापुढे छापलेलं, ‘प्रत्यक्ष पाहिले’. या नियमामुळे कचेरीतला एकेक जण जाईल तिथे कान टवकारून असे. डीवाल्यांनी तर सख्ख्या सासऱ्यांच्या मयताला जाऊन तीन कार्डं भरून आणली होती आणि बायकोनं दोन महिने त्यांच्याशी अबोला धरला होता.

त्या सवयीनंच एफवाल्यांचा घात केला.

फेब्रुवारीत ते पहिल्यांदा पडले. बसथांब्यावर, उभ्या उभ्या, काही कारण नसताना. लोकांनी उठवलं, पाणी दिलं, कुणीतरी “चक्कर आली असेल” असं म्हणालं. त्यांना चक्कर आली नव्हती. एका क्षणी ते उभे होते आणि दुसऱ्या क्षणी त्यांचा गाल जमिनीवर होता, मध्ये काहीच नव्हतं. कचेरीत आल्यावर हात धुवून त्यांनी पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर कार्ड काढलं.

*एक गृहस्थ बसथांब्यावर उभ्या उभ्या पडले. ता. ९ फेब्रुवारी.* आणि कोपऱ्यातल्या चौकोनात बरोबरची खूण.

लिहून झाल्यावर जीव जरा थाऱ्यावर आला. जे झालं ते कुणा एका गृहस्थाला झालं होतं. एफवाले फक्त तिथे हजर होते. ते कार्ड त्यांनी फॉलच्या पहिल्या अर्थाच्या खणात टाकलं. ‘तोल जाऊन जमिनीवर येणे’ हा अर्थ शेंबड्या पोराला कळतो. तो खण कोण कशाला उघडेल?

त्यानंतर तो गृहस्थ मार्चमध्ये भाजी घेऊन येताना पडला आणि बटाटे रस्ताभर झाले. मेमध्ये ग्रंथालयात पडला. जूनमध्ये दोनदा. ऑगस्टमध्ये दवाखान्याच्या पायरीशी, म्हणजे डॉक्टरकडे जावं असं ठरवून गेला असताना. आणि पडल्यावर उठून, कपडे झटकून घरी परत आला.

कारण एफवाल्यांना तो आजार काय असावा याची पुसट कल्पना होती. इतकी वर्षं शब्दांत काढलेल्या माणसाला ती असणारच. त्या आजाराचं नाव पीवरून सुरू होत होतं. कोश पीपर्यंत पोचायला या वेगानं अजून चाळीस वर्षं होती. तोवर आपण कशाला पुढची पानं उघडायची, असा त्यांचा हिशेब.

दुसरी भीती जवळची होती. साठीनंतर इथे दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागे आणि त्यासाठी प्रकृती ठणठणीत असल्याचा डॉक्टरचा दाखला साहेबांपुढे ठेवावा लागे. दोन वर्षांपूर्वी ईवाल्यांची नजर अधू झाली. सोमवारी साहेबांना कळलं, शनिवारी ईवाल्यांच्या हातात नारळाएवढं घड्याळ आणि चार कौतुकाचे शब्द होते. त्यांचं ई अर्धंच राहिलं होतं. पुढे दोनदा ईवाले नुसतेच कचेरीत येऊन कपाटांना हात लावून गेले, ते एफवाल्यांनी पाहिलं होतं. या वर्षी एफवाल्यांची पाळी या शुक्रवारी होती. काहीही करून तोवर पडायचं नाही, एवढं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

आणि सोमवारी सकाळी ते न्हाणीघरात पडले.

“काय पडलं?” बायको बाहेरून ओरडली.

“बादली,” एफवाले आतून म्हणाले. ते भिंतीला पाठ लावून पाण्यात बसले होते आणि कोपर सडकून लागलं होतं.

“बादली ‘आई गं’ म्हणाली?”

दारावर थाप पडली. कसेबसे उठून, पंचा गुंडाळून त्यांनी कडी काढली. बायको दारातच उभी होती. पुढे झाली आणि तिनं सरळ त्यांच्या तोंडाचा वास घेतला.

“हे काय गं?”

“परवा शेजारीण म्हणाली, तुमचे हे रस्त्यानं झोकांड्या खात येत होते. मी तिला झाडली. म्हटलं, आमच्या घरात चहासुद्धा दोनदा होत नाही.” तिचा आवाज कापायला लागला. “खरं सांगा. घेता का तुम्ही?”

छत्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं खोकल्याचं औषधसुद्धा नाक धरून घेतलं होतं. पण त्या क्षणी त्यांना वाटलं, ही सुटायची वाट आहे. दारू सुटते असं लोक म्हणतात. दारूला नाव आहे, आणि ते पीवरून सुरू होत नाही.

“कधीमधी,” ते म्हणाले.

बायको मटकन स्टुलावर बसली. नवऱ्याचं ओलं कोपर तिला दिसलंच नाही. एफवाले कपडे करून, न जेवता कचेरीत गेले, एक्केचाळीस पायऱ्या चढले आणि सातवं कार्ड भरलं. *न्हाणीघरात एक गृहस्थ पडले, बादली वाचली.* पायऱ्यांचं एक नवल होतं. जिना त्यांना कधीच अडवत नसे. पायरी दिसली की पाय आपण होऊन उचलला जाई. अडायचं ते सपाट जमिनीवर, उघड्या दारात, जिथे अडायला काहीच नसे. याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटायची.

बुधवारी दुपारी तपासनीस बाईंनी त्यांना हाक मारली.

तपासनीस बाई पंचावन्नच्या, किरकोळ बांध्याच्या, आणि स्वल्पविरामावरून माणसाला रडवतील अशा. त्या मागच्या लांब टेबलाशी उभ्या होत्या. टेबल रिकामं होतं, फक्त मधोमध सात कार्डं एका रांगेत मांडून ठेवलेली. ती ओळखायला एफवाल्यांना जवळ जावं लागलं नाही.

“साहेबांना फॉल एकदाचा उरकायचाय, म्हणून यावेळी सगळेच खण तपासले,” बाई म्हणाल्या. “सात कार्डं, आणि सातही कार्डांवर ‘बोलणारा’ रिकामं. तुम्ही? तुम्ही ओळ रिकामी सोडता?”

“राहिलं असेल.”

“हा गृहस्थ कोण?”

“असेल कुणीतरी. रस्त्यावरचा.”

“आणि न्हाणीघरातला? दुसऱ्याच्या न्हाणीघरात डोकावून काय पाहत होतात तुम्ही?”

एरवी या वाक्यावर कचेरी आठवडाभर हसली असती. एफवाले टेबलाला धरून उभे राहिले.

बाईंचा आवाज खाली आला. “वाक्यांवर मी नंतर आले. आधी मला वेगळंच दिसलं. इकडे या. तारखेच्या क्रमानं लावलीत मी. वाचू नका. नुसती बघा.”

त्यांनी पाहिलं.

एफवाल्यांचं अक्षर म्हणजे कचेरीचं भूषण होतं. मोत्यासारखं, टपोरं, नवीन माणूस आला की साहेब त्याला एफवाल्यांचं कार्ड दाखवत. फेब्रुवारीचं कार्ड तसंच होतं, वाक्यानं दोन ओळी भरलेल्या. मार्चचं दीड ओळीत. मेच्या कार्डावर अक्षरं मुगाएवढी. जूनच्या दुसऱ्या कार्डात वाक्य मोठं सुरू होऊन शेवटाला निमुळतं होत गेलेलं. आणि सोमवारच्या कार्डावर, डाव्या कोपऱ्यात, मोहरी सांडावी तसं काहीतरी होतं, आणि उरलेलं सगळं कार्ड पांढरं.

लिहिताना त्यांना यातलं काही जाणवलं नव्हतं. आपण नेहमीसारखंच लिहितोय असंच दरवेळी वाटलं होतं. पडलेलं निदान कळत तरी होतं. हे तर त्यांच्याच हातानं, त्यांच्याच नजरेसमोर, त्यांना पत्ता लागू न देता चाललं होतं. एफवाले मनापासून हादरले. बसथांब्यावर वाटली नव्हती इतकी भीती त्यांना त्या रिकाम्या टेबलापाशी वाटली.

“माझे वडील मला पत्रं लिहायचे,” बाई म्हणाल्या. “दर पंधरा दिवसांनी. अक्षर बारीक होत गेलं, तसं आम्ही हसायचो. म्हणायचो, आप्पा कागद वाचवतात. हात थरथरत नव्हता ना त्यांचा, मग कोण कशाला शंका घेतंय? तीन वर्षं घालवली आम्ही. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या असत्या तर…” त्यांनी चष्मा काढून पुसला. “दारात अडकता ना तुम्ही?”

“नोटीस वाचतो.”

“तेही बघते मी रोज.”

एफवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि ते हलक्या आवाजात म्हणाले, “बाई, शुक्रवारपर्यंत कुणाला बोलू नका. पाया पडतो तुमच्या. ती कार्डं फाडून टाका.”

“प्रत्यक्ष पाहिलेलं कार्ड फाडायचं?”

बाहेरच्या माणसाला यातली अडचण कळणार नाही. कार्ड फाडलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण आजवर या कचेरीत खरं कार्ड कुणी फाडलं नव्हतं, आणि आपण सुरुवात करावी असं त्या दोघांपैकी एकालाही वाटेना. ज्याचा जीव त्यात अडकला होता त्यालासुद्धा.

“अर्धवट कार्ड मी पुढे पाठवत नाही. तुम्हाला ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी सातही कार्डं गोळा केली, त्यांना रबर लावलं आणि एफवाल्यांच्या खिशात घातली. “घरी न्या. ‘बोलणारा’ भरून आणा. आणि उद्या रजा टाका, बायकोला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. एकटे जाऊ नका. एकटे गेलात की पायरीवरून परत याल.”

ऑगस्टचं कार्ड बाईंनी वाचलं होतं तर.

घरी बायको खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. सोमवारपासून ती कामापुरतंच बोलत होती. एफवाल्यांनी खिशातली कार्डं तिच्या पुढ्यात ठेवली.

“हे काय? कचेरी घरी आणलीत?”

“वाच.”

तिनं चष्मा लावला. पहिलं कार्ड वाचलं, दुसरं वाचलं. “बटाटे,” ती म्हणाली. “मार्चमध्ये खरचटलेले बटाटे आणलेत, मी भाजीवाल्याला जाऊन बोलून आले.” मग ती थांबली. तिसरं, चौथं कार्ड घेताना तिचा हात सावकाश चालू लागला. सातवं कार्ड तिला वाचताच येईना. तिनं ते उजेडाकडे धरलं, डोळ्यांशी नेलं.

“काय लिहिलंय हे? मुंग्या चालल्यात नुसत्या.”

“न्हाणीघरात पडलो मी. सोमवारी.” एवढे महिने झाले, त्यांच्या तोंडून ‘पडलो’ हा शब्द पहिल्यांदा बाहेर आला. “बादली नव्हती ती.”

“म्हणजे तुम्ही पीत नाही?”

“नाही गं.”

“शपथ घ्या.”

“तुझी शपथ.”

बायकोच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की तिनं हातच जोडले. तो आनंद पुरता पसरायच्या आधीच मागून दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि चेहरा तिथेच थिजला. तिनं कार्डांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“सात वेळा,” ती म्हणाली. “सात वेळा पडलात, आणि या कागदांना सांगितलंत. मी काय मेले होते?”

“तसं नव्हे…”

“आणि सात नाहीत. आठ.” तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र भांडणाचा होता. “मागच्या महिन्यात रविवारी पलंगाजवळ खाली गेलात. मी दारातच होते. म्हणालात, चप्पल शोधतोय. पायांत होत्या दोन्ही चपला! मी म्हटलं, नको बोलायला, यांना लाज वाटेल. ते कुठे लिहिलंय?”

ते त्यांनी लिहिलं नव्हतं. ते पडणं नव्हेच, आपण जरा पटकन बसलो, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. घरातल्या घरात बायको ते पाहत असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग एफवाल्यांनी पिशवीतून कोरं कार्ड काढलं. त्यांनी प्रत्येक अक्षर ओढून मोठं काढलं. *“अहो पडले, आणि म्हणे चप्पल शोधतोय.”* तारीख तिनं सांगितली. ठिकाण, घर. बोलणारा, बायको. कोपऱ्यातल्या चौकोनापाशी ते थांबले आणि पेन तिच्याकडे दिलं. तिनं नाक पुसलं आणि चौकोनात बरोबरची खूण केली, चौकोनाच्या बाहेर जाईल एवढी मोठी.

बाकीच्या सातही कार्डांवर, ‘बोलणारा’ पुढे, त्यांनी लिहिलं: मी स्वतः.

डॉक्टर तरुण होते आणि घाईत नव्हते. त्यांनी बोटं टिचकवायला सांगितली, खोलीत चालायला लावलं, दारातून आत-बाहेर करायला लावलं. दारात एफवाले अडकले, आणि इथे वाचायला नोटीसही नव्हती. मग डॉक्टरांनी ते नाव उच्चारलं. पार्किन्सन. एफवाल्यांना वाटलं होतं, ते ऐकल्यावर काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. पंखा फिरत होता, बायको पुढे सरकून विचारत होती की गोळी जेवणाआधी की नंतर.

“गोळ्यांनी बराच फरक पडेल. पण आजार आहे तो राहणार,” डॉक्टर तिला म्हणाले. “आणि पाय अडकला की ओढू नका. समोर ओलांडायला काहीतरी द्या. रेघ, काठी, तुमचं पाऊल, काहीही. सपाट दिसलं की यांचा पाय विसरतो. ओलांडायचं दिसलं की त्याला आठवतं.”

दाखला त्यांनी खरा दिला.

शुक्रवारी साहेबांनी दाखला वाचला आणि आठही कार्डं वाचली. काचेच्या खोलीत घड्याळाचा आवाज येत होता. एफवाले खुर्चीची पाठ धरून उभे होते. आपल्याही हातात आता घड्याळ पडणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला कोश पुरा करायचा होता, आणि कोश माणसापेक्षा हळू चालतो याची त्याला फार धास्ती होती.

“तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की मनाची वाक्यं नकोत,” साहेब अखेर म्हणाले. “पण म्हणून असं…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. आठवं कार्ड पुन्हा हातात घेतलं. “हे उत्तम आहे. हे छापायचं.”

“हो साहेब.”

“फॉल तुम्हीच संपवा. एकसष्टच्या एकसष्ट अर्थ. तोवर मुदतवाढ.” मग त्यांनी नजर कागदांकडे वळवली. “जी मात्र मी डीवाल्यांकडे देतोय. तुम्ही समजू शकाल.”

एफवाले समजू शकत होते. जीची कार्डं त्यांनी सहा वर्षं आधीपासून जमवायला घेतली होती. गिव्ह, गेट, गो. तिन्ही टोणगे त्यांनी मनात कधीच दावणीला बांधले होते. “बरोबर आहे साहेब,” ते म्हणाले, खिशातून जीच्या कपाटाची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. ती काढताना बोटं अडखळली, साहेबांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

सोमवारी सकाळी एफवाले जिना चढून दाराशी आले आणि उभे राहिले. गोळ्या सुरू होऊन चारच दिवस झाले होते. पाय अडकलाच. त्यांनी सवयीनं नोटिशीकडे मान वळवली, आणि मग त्यांचं लक्ष खाली गेलं.

दारापासून त्यांच्या टेबलापर्यंत फरशीवर कोरी कार्डं चिकटवलेली होती. आडवी, एकेका पावलाच्या अंतरावर, प्रत्येकाच्या मधोमध शाईची जाड काळी रेघ. अकरा कार्डं. कचेरीत सगळे खाली मान घालून बसले होते, आणि तपासनीस बाईंची मान तर सगळ्यांत खाली होती.

“फरशी खराब झालीय म्हणे,” मागून शिपाईदादा म्हणाले. ट्रे घेऊन ते आज धक्का न मारता उभे होते. “बाईंनी शनिवारी थांबून चिकटवली. मला म्हणाल्या, काही विचारायचं नाही. मी कशाला विचारतोय? चला, चहा निवतोय.”

एफवाल्यांनी पहिल्या रेघेकडे पाहिलं. पाय उचलला, ओलांडला. दुसरी रेघ. तिसरी. मागून शिपाईदादाही त्याच कार्डांवरून आले, ट्रे सांभाळत, एकेक पाऊल मोजून टाकत. दुपारपर्यंत सगळेच तसे चालायला लागले. डीवाले जीच्या कपाटाकडे जाताना वळसा घालून कार्डांवरून गेले, आणि त्यांनी एकही विनोद केला नाही. त्या दिवशी फॉलचे तीन अर्थ हातावेगळे झाले. राहिले अठ्ठावन्न. ते भरभर संपवावेत की पुरवून पुरवून, हे मात्र एफवाल्यांना ठरवता येईना.

संध्याकाळी ते अकरावं कार्ड ओलांडून दाराशी आले तर बाहेर बायको उभी होती. एक्केचाळीस पायऱ्या चढून तिला धाप लागली होती. तिचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती फळ्यासमोर उभी राहून नोटीस वाचत होती.

“ओल्या छत्र्या कपाटांवर ठेवू नयेत,” तिनं सावकाश, मोठ्यानं वाचलं. “हे तुम्ही लिहिलंय?”

“हो. तीन वर्षं झाली.”

तिनं हात वर केला आणि ‘छत्र्या’मधल्या छवरून बोट फिरवलं. ते अक्षर तिच्या बोटाच्या पेराएवढं होतं. एफवाले पाहत राहिले. इतके दिवस ते त्या नोटिशीसमोर उभे राहत होते, पण तिच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांना ती आता दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखी वाटली.

बायकोनं बोट काढून घेतलं. दाराबाहेर कार्ड नव्हतं. सपाट फरशी होती, आणि एफवाले दाराच्या आत अडकून उभे होते. ती जवळ आली, त्यांच्या हातातली पिशवी घेतली, आणि आपलं चपलेतलं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवलं.

“हं,” ती म्हणाली. “ह्याच्यावरून या.”